आई-बाबांना घेऊन ज्वालामुखी देवीच्या दर्शनाला जायचंय, कधी आणि कसं जावं?

जरूर जा, फक्त चैत्र-आश्विनातली नवरात्रं टाळा. तेव्हा रांगेत वयस्कर माणसांचे फार हाल होतात. देऊळ हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात, शिवालिकच्या पायथ्याशी. रेल्वेने पठाणकोट, पुढे टॅक्सी. विमानाने गेलात तर गग्गल.

गाभाऱ्यात मूर्ती नाही. खडकाच्या भेगांतून नैसर्गिक वायू येतो आणि त्याच्या निळसर ज्योतींचीच पूजा होते. डोळे मिटून नमस्कार करू नका, ज्योत नीट बघा. आवारातली गोरख डिब्बी चुकवू नका: कुंडातलं पाणी उकळतंय असं दिसतं, हात लावला तर गार!

वेळ असेल तर कांगड्याची ब्रजेश्वरीही करा. तिचं जुनं देऊळ 1905च्या भूकंपात कोसळलं, आताचं नंतर बांधलेलं आहे. संक्रांतीला तिथे देवीच्या पिंडीवर लोण्याचा लेप चढवतात.