डेट्रॉइटमधल्या जुन्या इमारतींच्या टूर घेण्यासारख्या आहेत का?

कामानिमित्त डेट्रॉइटला येताय, दोन दिवस मोकळे आहेत, आणि इथल्या जुन्या इमारतींच्या टूरमध्ये नुसती पडझड तर दाखवत नाहीत ना, असं तुम्ही विचारलंय. मी इथे उपनगरात राहतो. माझं उत्तर: टूर नक्की घ्या, पण सुरुवात पिकेट अव्हेन्यूच्या कारखान्यापासून करा.

फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही मोटारगाडी १९०८ मध्ये इथे तयार झाली. इमारत १९०४ ची, विटांची, तीन मजली. लांबी ४०२ फूट आणि रुंदी जेमतेम ५६ फूट, कारण दोन्हीकडच्या खिडक्यांतला उजेड मधल्या कामगारापर्यंत पोचायला हवा. आराखडा न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांचा. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला आत शिरताच ओळखीचं वाटतं. खांब लाकडी, तुळया लाकडी, पायाखालची जमीनही लाकडीच. माहिती सांगणारे स्वयंसेवक अतिशय जीव लावून सांगतात, त्यांना भरपूर प्रश्न विचारा.

हे पाहिलं की पुढची गोष्ट आपोआप उलगडते. लाकडाला आगीची भीती, म्हणून १९०५ मध्ये अल्बर्ट कान या वास्तुरचनाकाराने पॅकार्ड या मोटार कंपनीच्या कारखान्यात दहा नंबरची इमारत सळई घातलेल्या काँक्रीटची बांधली. सळईची पद्धत त्याचा भाऊ ज्युलियस याची. खांब कमी लागले, खिडक्या मोठ्या झाल्या. १९१० मध्ये शेजारच्या हायलंड पार्कला अल्बर्टने फोर्डसाठी त्याहून मोठा कारखाना उभारला, आणि १९१३ मध्ये तिथेच सरकती असेंब्ली लाइन, म्हणजे गाडी पुढे सरकत जाते आणि कामगार जागेवरूनच भाग जोडतात अशी पद्धत, सुरू झाली. पॅकार्ड मात्र २०२४ पर्यंत जवळजवळ सगळा पाडला गेला. पिकेट वाचला तो २००० साली हौशी मंडळींच्या संस्थेने विकत घेतला म्हणून. मला ही फार मोठी कामगिरी वाटते.

१९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेल्या शहरात २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास माणसं उरली, त्यामुळे कितीतरी घरं रिकामी पडली. रिकाम्या घरांत घुसवून फोटो काढू देणाऱ्या टूरवाल्यांच्या नादी अजिबात लागू नका. शेजारच्या घरात लोक राहतात हो! त्यांच्या गल्लीचं प्रदर्शन का मांडायचं?

त्यापेक्षा ‘प्रिझर्व्हेशन डेट्रॉइट’ या संस्थेच्या पायी टूर बघा. उन्हाळ्यात असतात, स्वयंसेवक नेतात. गार्डियन बिल्डिंग या गगनचुंबी इमारतीची १९२९ ची लॉबी चुकवू नका, तिथल्या रंगीत टाइल्स बघताना मान दुखेपर्यंत वर बघाल. मिशिगन सेंट्रल स्टेशनही बघा. १९८८ मध्ये शेवटची गाडी गेल्यावर तीस वर्षं ओस पडलं होतं. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने घेतलं आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं.

वेळ उरला तर मिशिगन थिएटर. १९२६ चं हे चित्रपटगृह पाडलं असतं तर लागून असलेल्या ऑफिसच्या इमारतीला धोका होता, म्हणून सत्तरच्या दशकात आत तीन मजली पार्किंग केलं. गाड्यांच्या डोक्यावर अजून नक्षीदार छत आहे. आणि हेन्री फोर्डने १८९६ मध्ये पहिली गाडी जिथे बनवली, ती शेड याच जागेवर होती. जागा खासगी आहे, तेव्हा दारावर विचारूनच आत जा. शक्यतो मे ते सप्टेंबरमध्ये या, हिवाळ्यात पायी फिरणं अवघड होतं.