वाचकांचे प्रश्न: नवी रॅम लावली आणि फाइल बिघडायला लागल्या

प्रश्न: आमच्या सेवा केंद्रात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि एच८१ मदरबोर्ड आहे. खरिपाच्या पीक विम्याची गर्दी होण्याआधी ४ जीबीच्या जोडीला दुसरी ४ जीबी रॅम टाकली. तेव्हापासून झिप फाइल सीआरसी एरर देते, स्कॅन केलेल्या पीडीएफ उघडून नाही राहिल्या, फोटो अर्धे करडे येतात. व्हायरस नाही. हार्डडिस्क नवी टाकली, तरी तेच. काय करावे?
(दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: पहिला संशय नव्या रॅमवर घ्या. कॉपी होणारी प्रत्येक फाइल आधी रॅममध्ये येते. तिथे एखादा बिट जरी उलटला, तरी डिस्क ती चुकीची प्रत इमानेइतबारे लिहून ठेवते, म्हणून डिस्क बदलून फरक पडला नाही. झिपमध्ये स्वतःची तपासणी (सीआरसी) असते, ती चूक लगेच पकडते. जेपीजी फोटो चुकीच्या जागेपासून खाली करडा पडतो किंवा त्याचे रंग सरकतात. साध्या मजकुरात मात्र एखादं अक्षर बदलतं आणि कोणाला कळतही नाही. सातबाऱ्याच्या, बँक खात्याच्या आकड्यांचं काम करणाऱ्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावं.

आजच रॅमची नवी पट्टी काढा. मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच पट्टीला हात घाला. दोष सापडेपर्यंत विंडोजचं चेक डिस्क चालवू नका. ते डिस्कवरची फाइलींची नोंद याच रॅममध्ये वाचून दुरुस्त करतं आणि चांगली नोंदही बिघडवू शकतं. टॅलीचा जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा घेऊ नका.

आता तपासणी. दुसऱ्या संगणकावर मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा पेनड्राइव्ह बनवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. एकेक पट्टी एकटी, आधी पहिल्या खाचेत, मग दुसरीत, शेवटी दोन्ही एकत्र. प्रत्येक वेळी किमान ४ फेऱ्या होऊ द्या. एकही चूक चालत नाही. ‘एकच तर आली’ म्हणून सोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात रात्री पास झालेली पट्टी दुपारी नापास होऊ शकते, म्हणून एक चाचणी भर दुपारी, यूपीएसवर घ्या.

एकटी पट्टीच चुकली तर आधी तिचे सोनेरी संपर्क पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसा, चुरा झटका, खाचेतली धूळ ब्रशने काढा. जिनिंगजवळच्या दुकानांत कापसाचा भुरका खाचेत हमखास असतो. तरी चूक आली तर पट्टी खराब आहे, वॉरंटीत परत करा. कोणतीही पट्टी लावली तरी चूक एकाच खाचेत येत असेल तर दोष बोर्डाचा.

दोन्ही एकेकट्या पास आणि जोडीने नापास, म्हणजे जोडी जुळत नाही. लेबल वाचा: पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ चा वेग, पीसी३-१२८०० म्हणजे १६०० चा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सोय, बंद करून वेग हाताने १३३३ करा आणि पुन्हा तपासा. ‘पीसी३एल’ ही १.३५ व्होल्टची पट्टी १.५ वरही चालते, त्यामुळे तुमच्या बोर्डावर तेवढ्याने सहसा अडत नाही. सहाव्या पिढीच्या, डीडीआर३च्या खाचा असलेल्या बोर्डात मात्र १.५ व्होल्टची पट्टी घालू नये. ती खाचेत बसते, म्हणूनच फसगत होते. ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेली स्वस्त पट्टी इंटेल बोर्डाला घेऊच नका. आमचा सल्ला विचाराल तर जोडी जुळवण्याची खटपट नको. ८ जीबीची एकच पट्टी लावा, एच८१ ती घेतो.

रॅम निर्दोष निघाली तर डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बघा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये सी७ (केबलवरून जाताना झालेल्या चुकांची मोजणी) हा आकडा टिपून ठेवा. एकदा वाढला की तो पुन्हा शून्यावर येत नाही, पण आठवड्यात वाढला तर केबल बदला.

मशीन पास झाल्यावर चेक डिस्क चालवा. मग तारखेनुसार लावून, नवी पट्टी बसवल्यापासूनची प्रत्येक फाइल उघडून बघा. बिघडलेली फाइल दुरुस्त होत नाही. सातबारा पुन्हा उतरवावा लागेल, कागदपत्रं पुन्हा स्कॅन करावी लागतील.

प्रश्न: आठवडी बाजारातून स्वस्तात १ टीबीचा पेनड्राइव्ह घेतला. सुरुवातीचे व्हिडिओ चालतात, नंतरचे उघडत नाहीत.
(चिखलदरा, जि. अमरावती)

उत्तर: बहुधा आत थोडीच चिप असून तो १ टीबी दाखवतो. जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा जुन्यावर चढतो. चालणाऱ्या फाइल आधी बाहेर काढा, मग एच२टेस्टडब्ल्यू या पेनड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, तेव्हा १ टीबीसाठी एक दिवसाहून जास्त धरा. सुरुवातीलाच चुका दिसल्या तर थांबा. फॉरमॅट करून जागा वाढत नाही. पैसे परत मागा.