थ्रेडला मराठीत पेड म्हणा

प्रश्न नाशिकच्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. सी भाषेतल्या सर्व्हरमध्ये थ्रेड (एकाच प्रोग्रॅमात एकत्र चालणाऱ्या कामांच्या ओळी) मॅनेज करून इंटरप्रोसेस कम्युनिकेशन (दोन प्रोसेसमधला, म्हणजे चालू असलेल्या दोन प्रोग्रॅमांमधला संवाद) कसे साधतात, यावर तिला मराठीत सेमिनार द्यायचा आहे. 'धाग्यांच्या व्यवस्थापनाद्वारे अंतर्गत प्रक्रिया संवाद' हे शीर्षक चालेल का, आणि 'मॅनेज करणे'ला व्यवस्थापन म्हणायचे की हाताळणी, असे तिने विचारले आहे.

चालणार नाही. आधी तो 'अंतर्गत' खोडा. हल्ली सातपूर-अंबडच्या कंपन्यांपासून कॉलेज रोडच्या क्लासपर्यंत जो तो 'इंटर' दिसला की 'अंतर्गत' लिहून मोकळा होतो. पक्षांतर्गत वाद एकाच पक्षात होतो, आंतरजातीय विवाह दोन जातींमध्ये. इतका स्वच्छ भेद मराठीने करून ठेवला आहे, तो पुसायचे कारण काय? इथे प्रोसेस दोन आहेत. दोघींची मेमरी वेगळी, एकीला दुसरीच्या व्हेरिएबलला हात लावता येत नाही. म्हणून तर पाइप, सॉकेट, मेसेज क्यू किंवा शेअर्ड मेमरी असा मुद्दाम मार्ग काढावा लागतो. तेव्हा लिहा 'आंतरप्रक्रिया संवाद'. यावर संस्कृतचे पंडित सांगतील की 'आंतर' म्हणजे आतला, दोहोंमधला नव्हे. संस्कृतात तसे आहेच. पण आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरजिल्हा हे शब्द मराठीत कधीच रुळले, आणि मराठी शब्दाचा अर्थ मराठी बोलणारेच ठरवतात.

आता 'धागा'. हा शब्द कोशातून उचलून जसाच्या तसा चिकटवलेला आहे. धागा सुटा असतो, एकटा असतो. 'मल्टीथ्रेडेड'चे 'बहुधागी' करून पाहा, जिभेवर बसत नाही. परिभाषा घडवणाऱ्या मंडळींचा लाडका शब्द 'सूत्र', तोही इथे कामाचा नाही. गणिताच्या वर्गात सूत्र म्हणजे फॉर्म्युला, बातमीत सूत्रे म्हणजे नाव न सांगणारी माणसे, आणि थ्रेड मॅनेजमेंटचे 'सूत्रसंचालन' केलेत तर श्रोते कालिदास कलामंदिरातला निवेदक डोळ्यांपुढे आणतील.

सूत्रवाल्यांचा एक युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे. संगणकातला 'थ्रेड' हा शब्द व्हिक्टर व्हिसोत्स्की यांचा. जेरोम सॉल्टझर यांनी एमआयटीतल्या १९६६ च्या प्रबंधात तसे श्रेय दिले आहे. तिथे थ्रेड म्हणजे प्रोसेसर ज्या ओळीने सूचना पाळत जातो ती सलग ओळ, म्हणून सूत्रच योग्य, असे सूत्रवाले म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. ओळ एकच असती तर वेगळ्या शब्दाची गरजच पडली नसती, 'प्रोग्रॅम चालतो' म्हटले की काम भागले असते. एकाच प्रोसेसमध्ये अनेक ओळी एकत्र चालायला लागल्या तेव्हा हा शब्द घरोघरी गेला.

आणि इंग्रजी 'थ्रेड'चे मूळ पाहा, तिथेच खरी गंमत आहे. हा शब्द 'थ्रो'च्या कुळातला. आज थ्रो म्हणजे फेकणे, पण जुन्या इंग्रजीत त्या धातूचा अर्थ होता पिळणे, वळणे. थ्रेड म्हणजे पीळ दिलेले ते! आपला पीळही असाच, संस्कृत 'पीड्' म्हणजे दाबणे यातून आलेला. आता पीळ दिलेल्या, दुसऱ्यांबरोबर वळल्या जाणाऱ्या पदराला मराठीत काय म्हणतात? पेड. वेणीचे तीन पेड, दोराचे पेड. पोळ्याच्या आधी निफाड-सिन्नरच्या बाजारात कासरे, वेसणी, मोरक्या टांगलेल्या असतात; एखाद्या कासऱ्याचे टोक हातात घेऊन उलटे फिरवा, पेड सुटे होतील. प्रत्येक पेडाला स्वतःचा पीळ एका अंगाने, आणि दोराचा पीळ उलट्या अंगाने. म्हणून तर दोर आपोआप उकलत नाही. 'मल्टीथ्रेडेड'साठी मराठीत 'बहुपेडी' शब्द आयता पडून आहे. आपण तो फक्त व्यक्तिमत्त्वांसाठी राखून ठेवला आहे.

पेड चपखल बसतो तो व्यवहारातही. एका प्रोसेसच्या सगळ्या पेडांची मेमरी एक, उघडलेल्या फाइली एक. स्टॅक (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) आणि 'एर्नो' (शेवटच्या चुकीचा क्रमांक) मात्र ज्याचा त्याचा. एका पेडाने चुकीच्या पत्त्याला हात लावला की अख्खी प्रोसेस कोसळते. दोन प्रोसेस म्हणजे दोन वेगळे दोर, त्यांना गाठ मारावी लागते. म्हणून दोन पेडांच्या आपसातल्या बोलण्याला 'आयपीसी', म्हणजे इंटरप्रोसेस कम्युनिकेशन, म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिथे म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) आणि कंडिशन व्हेरिएबल (ठरावीक गोष्ट घडेपर्यंत थांबवणारी सोय) पुरते. तोच म्युटेक्स दोन प्रोसेसमध्ये वापरायचा तर तो शेअर्ड मेमरीत ठेवून त्याला 'प्रोसेस शेअर्ड' हा गुण मुद्दाम द्यावा लागतो. फरक आहे म्हणूनच ही खटपट आहे.

'जॉइन'चे 'जोडणे'ही करू नका. पीथ्रेड_जॉइन ही सीमधली आज्ञा काहीही जोडत नाही. ती सांगितलेला पेड संपेपर्यंत थांबते आणि त्याने परत केलेली किंमत घेते. फोर्क आणि जॉइन ही जोडी मेल्विन कॉनवे यांच्या १९६३ च्या निबंधातली: वाट फुटते ती फोर्क, फुटलेल्या वाटा पुन्हा एकत्र येतात तो जॉइन. सगळ्या वाटा येऊन पोचेपर्यंत पुढे जायचे नाही, हा त्यातला गाभा. म्हणून 'वाट पाहणे' लिहा. 'डिटॅच', म्हणजे पेडाची वाट न पाहता त्याला त्याचा तो संपू देणे, याला 'मोकळे सोडणे'. दोन्हींपैकी एकही केले नाही, तर काम संपलेला पेड आपला स्टॅक अडवून बसतो. लिनक्सवर हा स्टॅक एरवी ८ एमबीचा धरलेला असतो, तेव्हा दिवसभर क्लायंट, म्हणजे सेवा मागणारे प्रोग्रॅम, घेणाऱ्या सर्व्हरला हे परवडत नाही.

सेमिनारमध्ये हे उदाहरण जरूर घ्या: 'अ‍ॅक्सेप्ट'ने (नवा क्लायंट आत घेणाऱ्या आज्ञेने) दिलेला क्लायंटचा क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये ठेवला, त्याचा पत्ता पीथ्रेड_क्रिएटला (नवा पेड सुरू करणाऱ्या आज्ञेला) दिला, आणि नवा पेड तो वाचायच्या आत लूपने तिथेच पुढच्या क्लायंटचा क्रमांक लिहिला. मग दोन पेड एकाच क्लायंटच्या मागे लागतात आणि पहिला क्लायंट ताटकळतो. प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी जागा मॅलॉकने (मेमरी मागून घेणाऱ्या आज्ञेने) घ्या, पेडाने क्रमांक वाचला की ती मोकळी करू द्या.

राहिले 'मॅनेज करणे'. व्यवस्थापन कार्यालयाचे असते, हाताळणी मालाची. सुरू करणे, काम देणे, वाट पाहणे, मोकळे सोडणे या सगळ्याला मिळून मराठीत 'सांभाळणे' म्हणतात. शीर्षक असे द्या: 'बहुपेडी सर्व्हर: पेड कसे सांभाळावेत आणि आंतरप्रक्रिया संवाद कसा साधावा'. पहिल्यांदा पेड म्हणाल तेव्हा 'पेड, म्हणजे थ्रेड' एवढे सांगा, पुढे बिनधास्त पेडच म्हणा.