सवलतीतलं .४४ की नवं .३५७?

तुमचा प्रश्न असा: परवाना आहे, महिन्याला शंभर काडतुसांचा लक्ष्यभेदाचा सराव आहे, मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. वापरलेलं .४४ मॅग्नम नव्या .३५७ मॅग्नमपेक्षा स्वस्तात मिळतंय, घ्यावं का? (आकडे काडतुसाच्या मापाचे; मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस.) तुमच्याच दरांवरून हिशेब मांडतो. .३८ स्पेशलचं एक काडतूस म्हणजे १ एकक धरलं, तर .४४ मॅग्नमचं २ एककं पडतं, आणि जुन्या हत्यारावर वाचतात ३०० एककं.

वर्षाची काडतुसं १,२००. .४४ चा खर्च २,४०० आणि .३८ चा १,२००. फरक दरमहा १०० चा, म्हणजे सवलत तिसऱ्या महिन्याअखेर संपते.

इथे .३८ कुठून आलं? १९३५ चं .३५७ हे .३८ स्पेशलचीच पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) लांबवून केलेलं, म्हणून .३५७ च्या सिलिंडरमध्ये (काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्यात) .३८ चालतं. उलटं, म्हणजे .३८ च्या हत्यारात .३५७, मात्र कधीही करू नका. .४४ मॅग्नममध्येही .४४ स्पेशल चालतं, पण त्यानं धक्का कमी होतो, बिल नाही. खप कमी असल्यानं ते अनेकदा मॅग्नमपेक्षाही महाग मिळतं.

.३८ ची पुंगळी साधारण ३.४ मिलिमीटर आखूड असते. तिच्या तोंडापाशी सिलिंडरच्या भोकात काजळीचं कडं साचतं. ते ब्रशनं न काढता .३५७ भरलं, तर काडतूस पूर्ण आत बसत नाही किंवा पुंगळी अडकते.

पुंगळ्या पुन्हा भरून .४४ परवडेल, हा तुमचा मुद्दा खरा आहे, कारण काडतुसात बहुधा पुंगळीच महाग असते. तुमच्या आकड्यांनी पुंगळ्या भरायचा संच ८०० एककांचा, बचत काडतुसामागे ०.८; म्हणजे १,००० काडतुसांनी, दहाव्या महिन्यात संच फिटतो. (स्वस्त पडतं म्हणून लोक जास्त झाडतात आणि बचत तिथेच जाते, ते वेगळं.) पण .३८ ही भरता येतंच, आणि शिसंही कमी लागतं: एका किलोत १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप) ९७ गोळ्या होतात, .४४ च्या २४० ग्रेनच्या ६४.

माझं मत .३५७. वजनदार फ्रेममध्ये धक्काही मवाळ लागतो. मोठ्या जनावराची कायदेशीर शिकार हा मुख्य हेतू असता, तर .४४ म्हणालो असतो. .४१ मॅग्नमची काडतुसं शोधावी लागतात, आणि .५०० चा खर्च सरावाला झेपणारा नाही.

तरीही जुनं .४४ च घेणार असाल, तर रिकामं असल्याची खात्री करून घोडा पूर्ण चढवा आणि सिलिंडर हलवून बघा. मग सिलिंडर आणि बॅरल यांमधली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ती ०.००४ ते ०.००८ इंच असावी. जास्त भरली, तर दुरुस्तीचा अंदाज लेखी घेऊन तो ३०० मधून वजा करा.