कुत्र्याचं नाक गार आणि ओलं असेल तर तब्येत ठीक समजायची का? घरी आणखी काय तपासता येतं?

नाही. नाकावर तर मुळीच विसंबू नका. त्या नाकापायीच आमची चिमी जायची वेळ आली होती.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दोन दिवस अर्धंच खात होती, जिना चढताना मध्येच बसत होती. मी दादाला म्हटलं, हिला दाखवून आणू. त्याने नाकाला बोट लावलं. "गार आहे, ओलं आहे. वय झालंय तिचं, दुसरं काही नाही." मीही गप्प बसले. तिसऱ्या रात्री तिचं तोंड पुसताना ओठ वर सरकला आणि हिरडी दिसली. एरवी गुलाबी असणारी ती हिरडी खडूसारखी पांढरी पडली होती. मांडीच्या आत हात घातला तर नाडी नुसती धावत होती. नाक तेव्हाही गारच होतं.

गोचीडताप निघाला. रक्त चढवावं लागलं. चिमी वाचली, पण ते दोन दिवस माझ्या मनातून अजून जात नाहीत.

म्हणून हिरडी बघा. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजा, ३० च्या आत हवं. कान, बगला, बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड शोधा. हे सगळं कुत्रं धडधाकट असतानाच करून ठेवा, नाहीतर बिघडलेलं ओळखणार कशावरून?

ताप गुदद्वारातच मोजायचा, डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे त्यांचं नेहमीचं तापमान, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. आणि आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन मनाने कधीच देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी बाधू शकतात.

दादा अजून म्हणतो, पूर्वी कुत्र्यांना कोण डॉक्टरकडे नेत होतं? नव्हतंच नेत. त्यातली किती अशीच कोपऱ्यात बसून गेली, ते कुणी मोजलं?

एक सांगायचं राहिलं. हिरडी पांढरी किंवा निळसर दिसली, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर पुढचं काही तपासत बसू नका. उचला आणि निघा, रात्र असली तरी.