क्रिएटिनिन वाढले म्हणून गोळी थांबवावी का?

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन सुरू केल्यावर तीन आठवड्यांत त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.८ वरून २.१ झाले आणि पोटॅशियम ५.७ आले. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१ असले, तरी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बहुतेक वेळा २०० च्या पुढे असते. हिमोग्लोबिन ९ आहे. गोळी बंद करावी का?

उत्तर : परस्पर बंद करू नये. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे मूत्रपिंडाच्या गाळण्यांमधील दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे चढते. लघवीतून प्रथिने जाणे ज्या परिणामामुळे कमी होते, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा स्वीकारली जाते, आणि आपल्या वडिलांची वाढ सुमारे १७ टक्के आहे. मात्र जुलाब किंवा उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

मला अधिक काळजी पोटॅशियमची वाटते. ते टेल्मिसार्टनमुळे वाढू शकते, तसेच ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठामुळेही, कारण त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते (असे मीठ बरेच जण आरोग्यासाठी म्हणूनच आणतात). शहाळ्याच्या पाण्याचेही तेच. दुसरीकडे, रक्त काढताना किंवा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. म्हणून डॉक्टरांना आजच कळवून, एक-दोन दिवसांत मूठ वारंवार न आवळता रक्त देऊन तपासणी पुन्हा करावी. स्नायूंत अशक्तपणा किंवा छातीत धडधड जाणवल्यास त्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि ईसीजी काढून घ्यावा.

एचबीए१सीवर सध्या विसंबू नये. मूत्रपिंडाच्या विकारात तांबड्या पेशींचे आयुष्य घटते, रक्तवाढीची इंजेक्शने चालू असतील तर नव्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि अशा पेशींना साखर चिकटायला पुरेसा काळ न मिळाल्याने आकडा फसवा कमी येतो. ग्लुकोमीटरच्या नोंदींची वहीच डॉक्टरांना दाखवावी. हिमोग्लोबिन ९ असल्याने फेरिटिनबरोबर (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे, त्याची टक्केवारी) तपासून घ्यावे. शरीरात दाह असला की लोहाची कमतरता असूनही फेरिटिन नेहमीच्या मर्यादेत दिसू शकते.