रिकामे रविवार गाळायचे का?

प्रश्न : सर, मी टी. वाय. बी. एस्सी.ला आहे. आम्ही चौघी मैत्रिणी प्रोजेक्टसाठी दर रविवारी सकाळी ८ वाजता ऐरोलीजवळ खाडीकाठच्या एकाच जागेवरून फ्लेमिंगो मोजतो. एखाद्या रविवारी चिखलभर पक्षी, तर एखाद्या रविवारी चिटपाखरू नाही. ग्राफ अगदी वेडावाकडा येतो. बाकीच्या म्हणतात, रिकामे रविवार 'एरर' म्हणून गाळू. गाळावेत का? आणि खरं सांगा, आमच्यासारख्यांच्या हातून काही शोध लागतो का?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : मुळीच गाळू नकोस. वहीत कामाचं काही असेल तर ते तेच रविवार!

१९६७ साली केंब्रिजला जोसलिन बेल ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. रोज जवळजवळ ९६ फूट कागद, आणि सगळा डोळ्यांनी. त्यात मधूनच पाव इंचाची गिचमिड दिसायची. कागद वेगाने सरकवून पाहिला, तर दर १.३ सेकंदांनी एक ठोका. गाइड अँटनी ह्यूइश यांना तो माणसांचाच काहीतरी उद्योग वाटला. पण ती गिचमिड रोज चार मिनिटं लवकर उगवत होती, ताऱ्यांसारखी. माणसाचं यंत्र ताऱ्यांची वेळ कशाला पाळेल? तो पहिला पल्सार निघाला, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक अंतराने रेडिओ ठोके पाठवणारा तारा. (१९७४चं नोबेल गाइडना मिळालं, तिला नाही. तेव्हा वहीवर स्वतःचं नाव घालून ठेव.)

आता तुमच्या खाडीकडे वळू. मी भौतिकशास्त्रवाला, पक्ष्यांतलं मला फार विचारू नकोस. पण भरती माझ्या विषयात येते. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत झाले जवळपास सहा तास. म्हणजे या रविवारी आठला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी आठला भरती! चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो चरणार कुठे? भरतीच्या वेळी ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन थांबतात. दिवा गावातल्या कुणा जाणत्या कोळ्याला विचार, तो बोटांवर सांगेल : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला सहा. खाडीत आत ठाण्याकडे ती जरा उशिरा पोहोचते, एवढं धरून चाल.

घरात कालनिर्णय असेलच. प्रत्येक रविवारपुढे तिथी लिही आणि भरतीची वेळ काढ. रिकामे रविवार भरतीला पडले, तर कारण हाती आलं. ओहोटी असूनही एखादा रिकामाच निघाला, तर त्याला लाल गोल कर. खरा प्रोजेक्ट तिथून सुरू. मग दोघींनी ऐरोलीत, दोघींनी नेरूळला, एकाच वेळी मोजायचं. विद्यापीठाच्या 'आविष्कार' स्पर्धेत पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो, तिथे हे मांडता येईल. आणि हो, काठावरूनच मोजा, चिखलात उतरू नका.